वॉटर मेझ: कंट्रोल उंदीरसुद्धा शिकत नाहीयेत, मदत हवी आहे

प्रयोगवही
अल्झायमरच्या मॉडेलवर (हा आजार उतरवलेल्या उंदरांवर) काम चालू आहे. वॉटर मेझ म्हणजे पाण्याची टाकी: पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म उंदराने भिंतीवरच्या खुणा बघून शोधायचा आणि लक्षात ठेवायचा. ट्रान्सजेनिक (आजाराची जनुकं, म्हणजे ट्रान्सजीन, घातलेल्या) उंदरांना प्लॅटफॉर्म सापडत नाही हे अपेक्षितच, पण एकाच वेतातली त्यांची साधी भावंडंही (तीच कंट्रोल) बरीचशी कडेकडेनेच पोहत राहतात. बाकीची छान शिकतात. सरासरी काढली की दोन गटांत फरकच उरत नाही. तापमान, भिंतीवरच्या खुणा तपासून झाल्यात. आकडे लवकर दाखवायचे आहेत, प्लीज सांगा.

रानजाई
मॉडेल कोणतं? वय किती?

तळ्याकाठी
पाणी किती अंश? फार कोमट असेल तर बाहेर पडायची घाईच राहत नाही. आणि उंदीर कोण हाताळतं? पुरुषांच्या वासानेही त्यांना ताण येतो, २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालंय.

प्रयोगवही
तापमान तपासलंय असं वर लिहिलंय, २२ आहे. ५एक्सएफएडी (अल्झायमरची पाच म्युटेशन असलेले उंदीर), सहा महिन्यांचे.

कोरडवाहू
उंदराला पाण्यात सोडणंच मला पटत नाही. त्या ताणाचा हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतल्या स्मृतीच्या भागावर) परिणाम होतो, मग मोजता काय? बार्न्स मेझ लावा, त्यात कोरड्या गोल टेबलाच्या कडेच्या भोकांतून लपायचं भोक शोधायचं असतं.

तळ्याकाठी
बार्न्समध्ये भोक सापडूनही कित्येक उंदीर आत शिरत नाहीत, फिरत बसतात. पाण्यात तशी सोय नाही.

रानजाई
प्रयोगवही, बॅकग्राउंड (मूळ वंश) शुद्ध ब्लॅक६ की बी६एसजेएल (ब्लॅक६ आणि एसजेएलचा संकर)?

प्रयोगवही
बी६एसजेएल. पण कंट्रोल सख्खी भावंडंच आहेत, मग बॅकग्राउंडचा संबंध काय?

रानजाई
संबंध तिथेच आहे. एसजेएलकडून आरडी१ म्युटेशन (डोळ्याचा पडदा खराब करणारा जनुकीय बदल) येतं. ज्या पिल्लात दोन्ही प्रती येतात त्याची दृष्टी लहानपणीच जाते, ट्रान्सजीन असो वा नसो. आईबाप दोघेही वाहक असतील तर साधारण चारात एक पिल्लू आंधळं. त्याला खुणा दिसतच नाहीत आणि आपण ते स्मृतीच्या खात्यावर मांडतो. नजर तपासायला दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची चाचणी घेतली का?

प्रयोगवही
नाही. शेपटीचे नमुने फ्रीजरमध्ये आहेत, उद्याच आरडी१चा पीसीआर (डीएनए तपासणी) लावते. आंधळे वगळून आकडे पुन्हा काढले तर चालेल?

रानजाई
चालेल, पण दोन्ही गटांतून वगळा, आणि फक्त जीनोटाइप (पीसीआरचा निकाल) बघून. कोण कसं पोहलं ते बघून वगळायचं नाही. किती वगळले तेही लिहा.

कोरडवाहू
पुढच्या जोड्या लावताना आरडी१ नसलेलेच नर-माद्या घ्या. आंधळ्या उंदराला बार्न्समध्येही खुणा दिसणार नाहीत, एवढं मान्य.