मंडपांच्या सणाच्या मांडवाचं छप्पर: मदत हवी आहे

सर्वांना सलाम. यहुद्यांचा मंडपांचा सण (सुक्कोत) त्यांच्या तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे 2026 साली 25 सप्टेंबरच्या संध्याकाळपासून सात दिवस. बायबलमधल्या लेवीय 23:42 प्रमाणे घरच्या अंगणात मांडव घालायचा आहे. मुक्काम रत्नागिरीजवळ, समुद्र जवळच, तेव्हा पाऊस आणि वारा दोन्ही धरून चालायचे.

मांडव 8 बाय 10 फूट, चार बांबू दीड फूट पुरलेले, वर फुटाफुटावर चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या. अंगणात वर आंब्याची फांदी किंवा पत्रा नाही. यहुदी रीतीप्रमाणे छप्पर तोडलेल्या झाडपाल्याचंच हवं, उन्हापेक्षा सावली जास्त, पण रात्री फटीतून चांदण्या दिसाव्यात.

अडतंय ते इथेच. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप दुहेरी घातले तर आकाश दिसत नाही, आणि छप्पर सपाट असल्यामुळे पाणीही साचून टपकतंच. न विणलेल्या ओल्या झावळ्या पहिल्या दिवशी छान दिसतात. तिसऱ्या दिवशी पाती आक्रसतात, ऊन थेट खाली येतं. देठ सुकून बारीक होतो, सुंभाची गाठ सैल पडते आणि वाऱ्याने झावळ सरकते. गाठी रोज आवळल्या, तरी तेच.

पावसात वरून ताडपत्री ओढायची आणि बसताना काढायची, हे ठरलंय; ती सुचवू नका. नायलॉनची जाळीही नको.

झावळ्या आधी किती दिवस सुकवून चढवाव्यात, देठ कोणत्या बाजूला ठेवावा आणि एवढ्या मांडवाला किती लागतील?