मदत हवी आहे: अर्थ, विंड अँड फायर बँडची जुनी एलपी रेकॉर्ड तडतडतेय
मंडळी, अर्थ, विंड अँड फायरचं वेड असलेलं कोणी आहे का इथे? १९७५ ची 'ग्रॅटिट्यूड'ची डबल एलपी शेवटी मिळाली एकदाची, जुन्या बाजारात, पण लाइव्ह 'रीझन्स' गाण्यामधे फिलिप बेलीचा तो वर वर चढत जाणारा आवाज आणि डॉन मायरिकचा सॅक्सोफोन एकमेकांना उत्तरं देतात ना, नेमकी तिथेच सुई उडते, जीव तुटतो अक्षरशः. उजेडात तिरकी धरली की खाचांमधे पांढरट बुरशी दिसते. मायक्रोफायबरने पुसून पाहिलं, काही फरक नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल का, की रेकॉर्डच खराब होईल? पुण्यात मशीनवर धुवून देणारं कोणी माहितीये का? प्लीज सांगा.