टँकरचं पाणी, काळी गाडी, पांढरे ठिपके: घरच्या घरी काय करता येईल?

निवांत_वाघोली
मंडळी, काळी गाडी घेतली हा गुन्हा आधीच कबूल करतो. घरचे सगळे पांढरी घे म्हणत होते. आता तीन वर्षं झाली, हॅचबॅक आहे, उघड्यावर उभी असते. सोसायटीत उन्हाळाभर टँकर आणि एरवी बोअर. गाड्या पुसायला येणारा मुलगा एक बादली आणि एका फडक्यात आठ गाड्या उरकतो. त्यामुळे बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात आणि काचांवर पांढरे ठिपके. रात्री पावसात समोरून गाडी आली की ठिपके असे चमकतात की रस्ता दिसेनासा होतो.

गाडी आतून-बाहेरून साफ आणि पॉलिश करून देणाऱ्या एका डिटेलिंगवाल्याने ७ हजार सांगितले. तेवढ्यात मी घरीच करतो म्हटलं. अडचण अशी की सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे, आणि दोनाच्या वर बादल्या नेल्या की सेक्रेटरी गॅलरीतून खाकरतात. एका व्हिडिओत टॉयलेट क्लीनरने काच लख्ख केलेली पाहिली. लावू का? आणि आमच्या आरओचं वाया जाणारं पाणी रोज बादलीभर निघतं, त्यानेच गाडी धुतली तर पुण्यही लागेल. काय म्हणता?

रेडिएटर
टॉयलेट क्लीनर नको, नको, नको. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. काचेला काही होणार नाही, पण ओघळ क्रोमच्या पट्टीवर, रबरावर आणि खाली रंगावर गेला की सात हजारांत भागणार नाही.

किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणा. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. गाडी सावलीत, काच हाताला गार लागली पाहिजे. आधी काच धुऊन धूळ काढा, मग जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून काचेवर चिकटवून ठेवा, ५ मिनिटं. वाळू द्यायचं नाही. मग हलक्या हाताने पुसून लगेच पाण्याने धुवायचं. जुने डाग एका फेरीत जात नाहीत, दोन-तीनदा करा. घासणी, विशेषतः ती हिरवी, लांब ठेवा.

एवढं करूनही नखाला खरखरीत लागलं तर डाग काचेत खोल गेलाय असं समजा. मग सेरियम ऑक्साइडची ग्लास पॉलिश लागते. ती हाताने घासायला बसलात तर एका काचेत रविवार संपेल, सांगून ठेवतो.

अण्णा_५८
आम्ही पेट्रोलपंपावर वर्तमानपत्राचा बोळा ओला करून काच पुसायचो. एकदाही डाग पडला नाही. तुमचं ते मायक्रोफायबर वगैरे आत्ता आलं. डांबराचे ठिपके असतील तर रॉकेलचं बोट लावा, दुसऱ्या मिनिटाला निघतात.

रेडिएटर
अण्णा, तेव्हा टँकर नव्हते. :) रॉकेलचं बरोबर आहे, पण फडक्याच्या टोकाला थेंबभर, ठिपक्यापुरतं, आणि लगेच शाम्पूने धुवायचं. रबराला लागू द्यायचं नाही. कागदाचा बोळा काचेवर ठीक, रंगावर कधीच नाही.

टीडीएस_मास्तर
मूळ दुखणं पाण्यात आहे, त्यावर कोणी बोललंच नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब उन्हात वाळतो, पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. नळाच्या तोटीवर आणि गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. व्हिनेगर चालतं ते आम्लाने तो विरघळतो म्हणून. पण पुढच्या रविवारी त्याच पाण्याने धुऊन गाडी वाळत सोडली की ठिपके पुन्हा हजर.

आता आरओ. धरून चला की तीन लिटर पाणी आत गेलं, एक लिटर प्यायला मिळालं आणि दोन लिटर मोरीत गेलं. तिन्ही लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या दोन लिटरमध्ये आले. तुमच्या नळाला टीडीएस (म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ६०० असेल तर फेकायचं पाणी ९०० च्या आसपास. फरशी पुसा, संडासात ओता, गाडीला मात्र ते नको.

गाडीला हवं ते पाणी तुमच्या गॅलरीत टपकतंय. एसीचं. हवेतली वाफ गार कॉइलवर जमून ते पाणी होतं, त्यात क्षार जवळपास नसतात. आमच्याकडे मीटर लावून पाहिलं, बोअर ७८०, एसी २२. मीटर काही शे रुपयांत मिळतो. दमट दिवसांत रात्रभरात अर्धी-पाऊण बादली सहज जमते. धुवायला बोअरचं वापरा, शेवटचा हात एसीच्या पाण्याचा द्या आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

(इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र हे घालू नका. कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात असतात. हे दर धाग्यावर कोणीतरी विचारतंच.)

मधली_आळी
एसीचं पाणी! मी दोन वर्षं ते कुंड्यांना घालतेय. आता कुंड्या आणि गाडीत भांडण लागणार.

धागा जरा पळवते, माफ करा. गणपतीला कोकणात जाऊन आलो, तेव्हापासून गाडीत कुबट वास येतोय. सुगंधी डबी ठेवली, तर आता कुबट चाफा.

जांभा_रत्नागिरी
डबी आधी फेका. चटया काढा आणि खालच्या कार्पेटवर हात दाबून बघा. ओलं लागलं तर पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीत सुकी पानं अडकलीत का बघा. पाणी जायची वाट बंद झाली की ते आत शिरतं. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. काडीने मोकळी करा. कार्पेटखाली वर्तमानपत्रं घाला, दर दोन तासांनी बदला. सीटवर पाणी ओतू नका, पुढच्या सीटखाली वायरी असतात.

कार्पेट कोरडं असेल तर वास एसीचा. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, काढून बघा, आत कोकणातलं अर्धं गवत सापडेल. पुढे सवय लावा: घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद, पंखा चालू. कॉइल वाळते.

आणि जांभ्याचा लाल चिखल सुकल्यावर फडक्याने पुसू नका हो! ती सरळ पॉलिशपेपरने घासल्यासारखी गत होते. आधी भरपूर भिजवा, ओघळून जाऊ द्या, मग हात लावा. गाडी किनाऱ्यावर वाळूत नेली असेल तर खालून अंडरबॉडी वॉश करून घ्या. तेवढं घरी नीट होत नाही, पैसे द्या.

रेडिएटर
निवांत, ओरखड्यांचं राहिलं. पुसणाऱ्या मुलाला तुमचं फडकं द्या, किंवा थांबवाच. दोन बादल्या मिळतात ना, पुरे. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. टपापासून खाली या, प्रत्येक भागानंतर फडकं साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवा. चाकांचं फडकं वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. भांड्यांचं लिक्विड नको, वॅक्स उतरतं. आहेत ते ओरखडे धुऊन जाणार नाहीत, त्याला मशीन पॉलिश लागते आणि ती रंगावरचा थर थोडा थोडा खाते, म्हणून दर वर्षी नको.

डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश लावू नका. दुपारी काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं. काच पुसताना आतून उभा हात, बाहेरून आडवा. रेघ राहिली तर कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं.

निवांत_वाघोली
दोन रविवार गेले, म्हणून उशिरा लिहितोय. व्हिनेगरच्या तीन फेऱ्यांत पुढची काच आणि दोन खिडक्या साफ. मागच्या काचेचा डावा कोपरा हट्टी आहे, तिथे बागेचा फवारा रोज उडत असणार, आता गाडी उलटी लावतो. गाडीला दिवसभर चायनीजच्या गाडीसारखा वास होता.

आमच्या एसीचं पाणी पुरेना, कारण बायकोने कुंड्यांचा वाटा आधीच राखून ठेवला. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, तुमच्या एसीच्या नळीखाली बादली ठेवू का? म्हणाल्या, ठेव की. पण आधी माझी स्कूटर धुवायची.