ऑफर लेटरसोबत ख्रिश्चन फेथ स्टेटमेंटवर सही मागताहेत, हे लीगल आहे का? (तातडीने मदत हवी आहे)

मनवा_के
शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणून पटकन विचारते. अकाउंट्समधली नोकरी आहे, इंटरव्ह्यू छान झाले, पगारही ठरला आणि आता ऑफर लेटरच्या मागे दोन पानं जोडून आली आहेत. येशू ख्रिस्त हाच एकमेव तारणहार आणि बायबल हेच देवाचं वचन अशी माझी श्रद्धा आहे असं त्यात लिहिलंय, खाली माझी सही. शिवाय कुठल्या चर्चला जाता आणि तिथल्या पास्टरचं नाव, फोन. मी हिंदू आहे हे नावावरून कळतच असणार की! मी बिलं आणि पेमेंट बघणार, कुणाला प्रवचन देणार नाहीये. अमेरिकेत धर्मावरून नोकरी नाकारता येत नाही ना, मग हे चालतं कसं? नवरा म्हणतो सही कर आणि विसरून जा. ज्यांना खरंच माहितेय त्यांनीच सांगा प्लीज.

सिएटलकर
सरळ केस आहे, सोडू नकोस. २०२१ साली इथल्या म्हणजे वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टाने बेघरांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिश्चन संस्थेच्या केसमध्ये सांगितलंय की पाद्र्यासारखं धार्मिक काम असेल तरच धर्म बघता येईल, बाकी पदांना राज्याच्या कायद्यातली सूट नाही. तिथे तर वकिलाची पोस्ट होती. अकाउंटंटचं तर बोलायलाच नको. ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी आयोगाकडे, तक्रार टाक आजच.

जोशीकाकू_एनजे
अगं मनवा, सही करून टाक. मनात आपला देव आहेच. आमच्या वेळी नोकरीसाठी लोकांनी काय काय केलंय. एवढ्या वर्षांनी ईएडी म्हणजे कामाचा परवाना मिळालं असेल आणि तू कागदावर अडून बसलीस?

निखिल_एचआर
थांबा सगळे. मनवा, तू महत्त्वाचं काहीच सांगितलं नाहीयेस. नोकरी देणारं कोण आहे? प्रायव्हेट कंपनी, चर्च, हॉस्पिटल, शाळा? राज्य कुठलं? माणसं किती आहेत तिथे? यावर उत्तर पूर्ण बदलतं.

मनवा_के
कंपनी काय आणि कॉलेज काय, नोकरी नोकरीच ना? कॉलेज आहे. ख्रिश्चन कॉलेज. दोनशेच्या वर स्टाफ असेल. पण मला शिकवायचं नाहीये हो!! आणि काकू, ईएडीचा प्रश्न नाहीये.

निखिल_एचआर
अगं यातच सगळं आलं. १९६४ च्या सिव्हिल राइट्स अॅक्टचं टायटल सेव्हन १५ किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला लागू होतं आणि धर्मावरून भेदभाव करायला बंदी करतं, हे तुझं बरोबर. पण त्याच कायद्यात धार्मिक संस्थांना सूट आहे, आपल्या धर्माचीच माणसं घ्यायची सूट. आधी ती फक्त धार्मिक कामापुरती होती, १९७२ च्या दुरुस्तीत 'धार्मिक' हा शब्द काढला आणि संस्थेचं कुठलंही काम त्यात आलं. शाळा-कॉलेजांसाठी वेगळं कलमही आहे. मग १९८७ ची एमॉस केस बघ. सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन चर्चची एक सार्वजनिक जिम होती, तिथल्या बिल्डिंग इंजिनियरला काढलं कारण चर्चचा सदस्य म्हणून लागणारा दाखला त्याच्याकडे नव्हता. जिमची देखभाल करणारा माणूस! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हे चालतं. त्यामुळे 'मी फक्त बिलं बघणार' हा मुद्दा फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्यात तुला वाचवत नाही. मी एचआरमध्ये आहे, वकील नाही, पण इतकं खात्रीने सांगतो.

सिएटलकर
हे फेडरलचं झालं. राज्याचा कायदा जास्त कडक असू शकतो, मी तेच म्हणतोय.

निखिल_एचआर
असू शकतो, म्हणून तर राज्य विचारलं, आणि ते तिने अजून सांगितलेलं नाही. तुझ्या राज्यातला निकाल दुसऱ्या राज्यात लागत नाही. आणि तुमच्याकडेही फेडरल कोर्टात त्या निकालावरून भांडणं झाली आहेत.

पूर्वा_डल्लास
दिवाळीची सुट्टी मागताना मला मॅनेजरने नाही म्हटलं होतं तेव्हा मी २०२३ चा ग्रॉफ निकाल दाखवला. पेनसिल्व्हेनियात पोस्टात काम करणारा एक जण होता, त्याला रविवारी अॅमेझॉनची पार्सलं टाकायची नव्हती धार्मिक कारणाने. सुप्रीम कोर्ट म्हणालं, धार्मिक गरज भागवायला नाही म्हणायचं असेल तर मालकाने धंद्यावर मोठा खर्चाचा बोजा पडतोय हे दाखवायला हवं, थोडीशी गैरसोय पुरेशी नाही. मनवा, तू सुट्ट्यांचं आधीच लेखी घे.

मनवा_के
सुट्टीचं कोण विचारतंय? राज्य इलिनॉय. शिकागोच्या जवळ.

शिवाजीपेठ
कायद्याचं राहू दे, मला एक कळत नाही, त्यांना हक्क का नसावा? तुमच्या गावातल्या मंदिराला पुजारी हवा असेल तर तुम्ही हिंदूच बघता ना? भारतातून आणतासुद्धा, आर-१ म्हणजे धार्मिक कामासाठीच्या व्हिसावर, आणि ते योग्यच आहे. कॉलेज त्यांच्या देणगीदारांच्या पैशावर, त्यांच्या श्रद्धेवर उभं आहे, त्यांना वाटतं सगळा स्टाफ एका श्रद्धेचा असावा. मला यात अपमान दिसत नाही.

सई_बॉस्टन
पुजारी आणि अकाउंटंट एकच कसे? मंदिराचा हिशोब बघणारा गुजराती जैन असतो, ख्रिश्चनही असू शकतो, आमच्याकडे देवळाचं ऑडिट एक ज्यू माणूस करतो आणि देवाला काही फरक पडत नाही. आणि कॉलेजच्या पोरांना सरकारी फेडरल लोन मिळतात, म्हणजे माझ्या टॅक्सचा पैसा तिथे जातो. मग सूट कशाला?

शिवाजीपेठ
ऑडिटर बाहेरचा असतो, नोकर नसतो. मंदिराने उद्या ठरवलं की ऑफिसातही हिंदूच घ्यायचे तर त्यांनाही हीच सूट आहे. कायदा सगळ्या धर्मांना सारखा आहे.

निखिल_एचआर
फेडरल पैसा घेतला म्हणून टायटल सेव्हनची सूट आपोआप जात नाही सई. चीड येते हे खरं, मलाही येते, पण मनवाला चुकीची आशा नको. इलिनॉयच्या ह्यूमन राइट्स अॅक्टमध्येही धार्मिक संस्थांना आपल्या धर्माची माणसं घेण्यापुरती सूट आहे. आणि इव्हँजेलिकल (बायबल काटेकोर मानणाऱ्या प्रोटेस्टंटांची) कॉलेजं हे फक्त हिंदूंशी करत नाहीत. तुमच्याच भागातल्या व्हीटन कॉलेजने एका प्राध्यापकाला काढलं होतं, का तर तो कॅथलिक झाला. ख्रिश्चनच, पण त्यांच्या फेथ स्टेटमेंटमध्ये बसेना.

दत्तू_कोथरूड
आणि इकडे आपल्याकडे बघा, प्रायव्हेट कंपनीने 'या धर्माचे नकोत' म्हटलं तर अडवणारा सरळ कायदाच नाही! घटनेचं कलम १५ नि १६ सरकारला बांधतं, खासगी मालकाला नाही. उलट १६(५) मध्ये देवस्थानाच्या कारभारातल्या पदाला त्याच धर्माचा माणूस लागेल असा कायदा करायची मुभा आहे. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्वतः चालवायचा हक्क देणारं कलम ३० वेगळंच. अमेरिकेला नावं ठेवण्याआधी हे बघा.

सई_बॉस्टन
अमेरिकेला कोण नावं ठेवतंय. आणि पंढरपूर विसरलात का? बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे हक्क सुप्रीम कोर्टात संपले २०१४ ला आणि मंदिर समितीने त्याच वर्षी सगळ्या जातींच्या लोकांकडून, बायकांकडूनसुद्धा पुजाऱ्याचे अर्ज मागवले. देवाच्या अगदी जवळचं काम असून दारं उघडता येतात, इथे बिलं बघायला श्रद्धा लागते.

दत्तू_कोथरूड
तिथे जात उघडली ताई, धर्म नाही. अर्ज हिंदूंचेच.

मेघना_फिनिक्स
मंगळसूत्र, टिकली यावरून काही म्हणाले का? तसं असेल तर वेगळं आहे. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने अबरक्रॉम्बी या कपड्यांच्या कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला, हिजाब घालून इंटरव्ह्यूला आलेल्या मुलीला त्यांनी घेतलं नव्हतं.

मनवा_के
टिकलीवरून नाही. पण पहिल्या इंटरव्ह्यूत एक जण म्हणाला होता की तुमच्याकडचे लोक नंबरांत हुशार असतात पण आमच्या कल्चरमध्ये रमतील का कोण जाणे. मी हसून सोडून दिलं. हे मोजतात का?

निखिल_एचआर
हे आधी सांगायचं ना! सूट फक्त धर्मापुरती आहे. वंश, रंग, लिंग, राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव करायची सूट चर्चलाही नाही, फक्त पास्टर किंवा धर्म शिकवणारे शिक्षक अशा पदांना कोर्टं हात लावत नाहीत, त्यात तू येत नाहीस. पण एका वाक्यावर केस उभी राहणं कठीण, कारण त्यानंतर त्यांनी तुला ऑफर दिली आहे. तरी आजच लिहून ठेव, कोण म्हणालं, कधी, कोण समोर होतं. इलिनॉयमध्ये ईईओसीकडे ३०० दिवसांत तक्रार करता येते. आणि कंपनी की कॉलेज हे मी का विचारलं ते सांगतो. १९८८ मध्ये टाउनली नावाच्या खाणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने कामगारांना प्रार्थनेला बसायची सक्ती केली होती, मालक खूप श्रद्धाळू होते. कोर्ट म्हणालं ही नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे, मालक धार्मिक असला म्हणून कंपनी धार्मिक संस्था होत नाही. तुझा मालक तसा असता तर मी स्वतः वकिलाचे नंबर शोधून दिले असते.

जोशीकाकू_एनजे
मी अजूनही म्हणते सही कर. कोण बघायला येतंय घरी देव्हारा आहे की नाही.

निखिल_एचआर
काकू, मनापासून विनंती, हा सल्ला देऊ नका. पास्टरचा फोन मागितलाय, म्हणजे ते फोन करणार. खोटी सही पकडली की कागदोपत्री खोटं बोलल्याबद्दल काढतील आणि पुढच्या रेफरन्समध्ये ते राहील. आणि रोज आठ तास आपण कोण आहोत ते लपवत बसायचं, गणपतीला सुट्टी घेताना थाप मारायची. आमच्या ओळखीत एकीने केलं होतं हे. नोकरी टिकली, पण तिची झोप उडाली.

सई_बॉस्टन
+१ निखिल. मनवा, एकदा सरळ एचआरला ईमेल कर की मी हिंदू आहे, संस्थेच्या उद्दिष्टाचा आदर ठेवून काम करीन एवढ्यावर सही चालेल का. काही ठिकाणी शिक्षकेतर स्टाफला तेवढं पुरतं. कॅथलिक हॉस्पिटलं आणि कॅथलिक युनिव्हर्सिट्या बऱ्याचदा धर्म विचारतच नाहीत, तिकडेही अर्ज टाक.

मनवा_के
केला ईमेल. लगेच उत्तर आलं, झाडूवाल्यापासून प्रेसिडेंटपर्यंत सगळ्यांना सारखंच, अपवाद नाही. मी सही करणार नाहीये. घरी सांगितलं, नवरा नाराज आहे पण सही माझी आहे. मला राग याचा की जाहिरातीत हे कुठेच नव्हतं, सगळे इंटरव्ह्यू घेऊन मग पानं पाठवतात. आता नकार कसा कळवू? कारण लिहू का? ते इंटरव्ह्यूतलं वाक्य लिहू का?

निखिल_एचआर
नकाराच्या ईमेलमध्ये वाद घालू नकोस. 'विधानावर प्रामाणिकपणे सही करता येत नसल्याने ऑफर स्वीकारू शकत नाही' इतकंच, ते खरंही आहे. इंटरव्ह्यूतलं वाक्य त्यात नको, आधी एखाद्या एम्प्लॉयमेंट वकिलाला दाखव, बरेच जण पहिली भेट फुकट देतात. ऑफर लेटर, ती दोन पानं आणि एचआरचं उत्तर डिलीट करू नकोस.

मेघना_फिनिक्स
मनवा, सीपीए (इथली सीए) आहेस का? शिकागोत माझ्या बहिणीच्या ऑफिसला माणूस हवाय, व्यनि कर.

दत्तू_कोथरूड
सई ताई, पंढरपूरच्या अर्जांवर वेगळा धागा काढतो, तिकडे या.