मदत हवी आहे: आजीचा अंगठा घेऊन भाच्याचा दाखला काढताहेत, आठवीतल्या मुलाला शाळा असं काढू शकते का?

वडवणीचा_मामा

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला, वडवणी तालुक्यातला. सध्या वाळूजला कंपनीत आहे. सोमवारच्या आत काहीतरी करायचं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

भाचा आठवीत आहे, वय 13. बहीण आणि दाजी दरवर्षी दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, यंदा सांगलीकडं आहेत. लेकरू माझ्या आईजवळ राहतं. काही झालं तरी त्याला फडावर न्यायचं नाही, शाळा बुडू द्यायची नाही, हे बहिणीनं तो पहिलीत असल्यापासून पाळलंय. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे, म्हणून जूनमध्ये त्याला चार किलोमीटरवरच्या खासगी अनुदानित हायस्कुलात घातलं.

तीन आठवड्यांपूर्वी मधल्या सुट्टीत मारामारी झाली. समोरचा पोरगा आईवरून काहीतरी बोलला आणि यानं कंपासपेटी फेकून मारली. त्या पोराच्या भुवईवर तीन टाके पडले. चूक आमच्या लेकराची आहे, त्यात दुमत नाही. मी रजा टाकून आलो, त्याला घेऊन त्यांच्या घरी गेलो, माफी मागायला लावली, दवाखान्याचा खर्च दिला. त्या मुलाचे वडील नीट बोलले.

शाळेनं मात्र दुसऱ्या दिवसापासून "आईवडील आल्याशिवाय वर्गात बसायचं नाही" असं सांगितलं. उचल घेतलेली आहे, मुकादम मधूनच कसा सोडेल? आजी गेली तर "तुमचं काम नाही" म्हणून परत पाठवली. वर्गात घेत नाहीत हे पोरानं पुढं तिला सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि फाट्यावरच्या लिंबाखाली बसून संध्याकाळी घरी यायचा. असे चौदा दिवस. हजेरीत त्या चौदाही दिवसांची गैरहजेरी लागली आहे.

मग गेल्या गुरुवारी आजीलाच बोलावून एका कागदावर अंगठा घेतला. त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. छापील अर्ज आहे: "माझ्या पाल्यास घरगुती अडचणीमुळे दुसऱ्या शाळेत घालावयाचे असल्याने शाळा सोडल्याचा दाखला मिळावा." नाव आणि इयत्ता निळ्या पेनानं भरली आहे, तारखेची जागा कोरी. खाली आईचा अंगठा, शाई इतकी जास्त की रेषा दिसतच नाहीत. तिला वाचता येत नाही. तिला सांगितलं होतं, "पोराच्या भल्याचं आहे."

मी फोन केला तर मुख्याध्यापक म्हणाले, "आम्ही काढत नाही, तुम्हीच नेताय. आम्ही काढला असता तर दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा आला असता, मग कुणीच घेतलं नसतं." सोमवारी दाखला न्यायला बोलावलं आहे. आठवीचा दुसरा वर्ग अकरा किलोमीटरवर आहे आणि तिकडं वेळेवर एसटी नाही. तिथं घातला तर तो जाणार नाही, पुढच्या हंगामात फडावरच दिसेल.

ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा, हा अर्ज मागं घेता येतो का? आणि शाळेला शिक्षा करायचीच असेल तर रीत काय?

परभणीचे_गुरुजी (निवृत्त मुख्याध्यापक)

मामा, आधी एक काम करा. सोमवारी दाखला घेऊ नका, आणि घेतल्याची सही कुणालाही करू देऊ नका.

शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 16 अगदी स्पष्ट आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवी संपेपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 ला त्या कलमात बदल झाला, पण तो पाचवी आणि आठवीत नापास करण्यापुरता. काढण्याची बंदी तशीच ठेवली आहे. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, शिक्षकसुद्धा.

काढता येत नाही म्हणूनच हे छापील अर्ज निघाले. कागदावर कुणाला काढलेलंच नसतं, पालक "स्वखुशीनं" नेतात. मी नोकरीत हे बघितलंय, एकदोनदा गप्पही बसलोय. ते अजून टोचतं.

शाळेच्या हातात काहीच नाही असंही नाही. घटनेची लेखी नोंद करायची, दोन्ही मुलांचं ऐकायचं, पालक नाहीत तर जो सांभाळतो त्याला बोलवायचं. तुकडी बदलता येते, जागा बदलता येते, मधल्या सुट्टीत काही दिवस लक्ष ठेवता येतं, शाळा व्यवस्थापन समितीपुढं विषय नेता येतो. त्या समितीत तीनचतुर्थांश पालक असावे लागतात, ते याचसाठी. चौदा दिवस वर्गाबाहेर ठेवणं मात्र शिक्षेत बसत नाही. मानसिक त्रास कलम 17 नं बंद केलाय.

लातूरची_आई

सगळं पटलं. पण माझ्या मुलाला सहावीत असंच एकानं ढकललं होतं, हात मोडला. शाळेनं त्या मुलाला ठेवून घेतलं याचा मला राग नव्हता. राग याचा होता की दुसऱ्या दिवशी दोघं परत एकाच बाकावर, आणि मला कुणी चार शब्द सांगितले नाहीत. माझं पोरगं महिनाभर शाळेत जायला रडायचं. तेव्हा मामा, अर्जात त्या मुलासाठी काय करायचं तेही लिहा. नुसतं "आमच्याला घ्या" म्हणू नका.

नांदेडचा_वकील

गुरुजींनी सांगितलं ते बरोबर. एक तपासा, संस्था अल्पसंख्याक दर्जाची आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या 2014 च्या निकालानं अशा शाळा या कायद्यातून बाहेर काढल्या. तशी असेल तर वाट वेगळी.

नसेल तर आजीच्या नावानं साधं पत्र द्या. मजकूर वाचून दाखवला नाही, तारीख नाही, आईवडिलांची संमती नाही, म्हणून अर्ज मागं घेत आहोत. आवक क्रमांकासह पोहोच घ्या. देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा. बहिणीचं आणि दाजींचंही एक पत्र व्हॉट्सॲपवर मागवून प्रिंट जोडा. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. कलम 32 खाली लेखी तक्रार आली की स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे तुमच्याकडं जिल्हा परिषदेनं, म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं. कलम 9 प्रमाणं स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश बघणं हे याच प्राधिकरणाचं काम आहे, ते वाक्य तक्रारीत जरूर घाला.

शेऱ्याच्या धमकीनं घाबरू नका. दाखला उशिरा आला किंवा आलाच नाही तरी आठवीपर्यंत दुसरी सरकारी वा अनुदानित शाळा त्या कारणावरून प्रवेश अडवू शकत नाही, कलम 5.

फक्त लक्षात ठेवा, नववीत गेल्यावर हे कवच राहत नाही. तिथं नोटीस द्या, म्हणणं ऐका, मग ठरवा, या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर भांडावं लागतं. म्हणून आत्ताच्या घटनेची खरी नोंद कागदावर येणं तुमच्याच फायद्याचं आहे.

वडवणीचा_मामा

सगळ्यांचे आभार. संस्था अल्पसंख्याक नाही, विचारून घेतलं. पत्र लिहिलं. ताई, तुमचं वाचून त्यात घातलंय की भाच्याची तुकडी बदला, आणि त्या मुलाच्या वडिलांना बोलावून त्यांच्यासमोर ठरवा. त्यांना फोनही केला. ते म्हणाले, "शाळेतून काढा असं मी कधीच म्हणलो नाही, येतो मी सोबत."

रात्री आईला सगळं पत्र दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिनं थांबवलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर अंगठा नको, मला नाव लिहून दाखव." पाटीवर तासभर गिरवलं. आता पत्राखाली तिची सही आहे, वाकडीतिकडी. आधीच्या अर्जावर अंगठा आणि इथं सही, यानं काही अडचण येईल का?

नांदेडचा_वकील

येणार नाही. सहीशेजारी अंगठाही घ्या, आणि "मजकूर मला वाचून दाखवला, समजला" अशी ओळ लिहून दोन साक्षीदार घ्या. त्या मुलाचे वडील एक साक्षीदार झाले तर फारच चांगलं.