नुसत्या 'ओसी' शिक्क्यासाठी ४०९० वर जास्त पैसे का मोजायचे?

फ्रेमवेडा_पुणे:
मित्रासाठी गेमिंग पीसी जुळवतोय. वापरलेलं आरटीएक्स ४०९०, म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, घ्यायचं ठरलंय. एकाकडे असूसने त्याच चिपवर बनवलेलं रॉग स्ट्रिक्स ओसी आहे आणि तो साध्या ४०९० पेक्षा बरेच जास्त मागतोय, का तर "कंपनीनेच ओव्हरक्लॉक (ओसी, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) करून दिलंय". माझं स्पष्ट मत आहे की त्या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची मूळ किंमत १,५९९ डॉलर होती आणि स्ट्रिक्स ओसीची १,९९९. म्हणजे २५ टक्के जास्त. त्या बदल्यात एनव्हिडियाचा २,५२० मेगाहर्ट्झचा बूस्ट क्लॉक (चिपचा जाहीर केलेला वेग) ओसी मोडमध्ये २,६४० होतो, पाच टक्केसुद्धा नाही. शिवाय कागदावरचा बूस्ट हा काही कमाल वेग नव्हे. थंड राहिलं तर साधं ४०९० पण गेममध्ये आपणहून २,७०० च्या आसपास पळतं, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक आणखी आक्रसतो. मेमरीला तर हातच लावलेला नाही: दोन्हींवर २४ जीबी जीडीडीआर६एक्स, दोन्हींचा वेग सेकंदाला १,००८ जीबी. फोर-के रिझोल्यूशनवर सेकंदाला शंभर फ्रेम (चित्रं) मिळत असतील तिथे एकशेदोन-एकशेतीन मिळतील. हा फरक डोळ्यांना कळत नाही.

वऱ्हाडी_गेमर:
तुम्ही फक्त फ्रेम मोजताय, म्हणून हिशोब चुकतोय. मी अकोल्यात राहतो. मे महिन्यात दुपारी एसी बंद असेल तर खोलीतच ३८-४० अंश असतात. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. परदेशातले रिव्ह्यू वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात, तिथे ६५ दाखवणारं कार्ड आमच्याकडे ८० च्या पुढे जाणार आणि पंखे किंचाळणार. स्ट्रिक्सचे पैसे मेगाहर्ट्झचे नाहीतच. ते एवढ्या मोठ्या हीटसिंकचे, तीन दमदार पंख्यांचे आणि क्वाएट बायोसच्या (पंखे शांत ठेवणाऱ्या सेटिंगच्या) स्विचचे आहेत. ४५० वॅट उष्णता बाहेर टाकायची म्हटल्यावर अ‍ॅल्युमिनियम-तांबं लागतंच. मी तरी डोळे झाकून स्ट्रिक्स घेईन.

फ्रेमवेडा_पुणे:
कूलरसाठी पैसे द्यावेत, हे शंभर टक्के मान्य. पण मग असूसचंच टफ ४०९० बघा ना. साधं टफ १,५९९ डॉलरलाच आलं होतं. लांबी ३४८ मिमी, स्ट्रिक्सची ३५८. हीटसिंक जवळपास तितकाच अवाढव्य, बायोसचा स्विच त्यावरही आहे. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते मूळ किमतीत मिळत होतं. वरचे ४०० डॉलर दिव्यांचे, सजावटीचे आणि नावाचे.

व्होल्टमॉड:
"नावाचे" म्हणून मोकळं होऊ नका. स्ट्रिक्सचा पॉवर सेक्शन (चिपला वीज पुरवणारा भाग) जास्त तगडा आहे, पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने वीज ओढायची मर्यादा, ६०० वॅटपर्यंत नेता येते. ज्याला स्वतः आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून कोर, म्हणजे मुख्य चिप, आणि मेमरी ताणायची हौस आहे, त्याला असा बोर्ड हवाच. कंपनीचा ओसी ही फक्त सुरुवात असते.

फ्रेमवेडा_पुणे:
६०० वॅट टफवरही मिळतात आणि एनव्हिडियाच्या स्वतःच्या फाउंडर्स एडिशनवरही. आणि एनव्हिडियाने व्होल्टेजला १.१ व्होल्टच्या आसपास कुलूप लावून ठेवलंय. बोर्ड कितीही दणकट असो, चिपला त्याहून जास्त मिळतच नाही. बहुतेक गेममध्ये कार्ड ४५० वॅटसुद्धा पूर्ण ओढत नाही, मग ६०० घेऊन करायचं काय? मेमरी ताणायची असेल तर ती कुठल्याही ४०९० वर फुकटात ताणता येते.

रेंडर_नाशिक:
मला तर दोन्हीकडचा वाद उलट्या दिशेने चाललेला वाटतो. ४०९० ला ओव्हरक्लॉक कशाला, खाली आणा! मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर रेंडर लावते आणि पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ठेवते. ४५० चे ३१५ वॅट होतात आणि गेममध्ये पाचेक टक्क्यांचाच फरक पडतो. शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी हे कार्ड वीज अक्षरशः ओततं. रोज चार तास खेळणाऱ्याचे १०० वॅट वाचले तर महिन्याला १२ युनिट होतात. बिलात ते फार नाही, पण खोलीत तेवढी उष्णता कमी. वऱ्हाडी_गेमर, तुमच्या उन्हाळ्यावर याहून स्वस्त उपाय नाही.

वऱ्हाडी_गेमर:
ताई, लिमिट मीही उतरवतो. पण लिमिट उतरवलेलं स्ट्रिक्स आणि लिमिट उतरवलेलं छोट्या कूलरचं कार्ड शेजारी ठेवलं तर आवाजातला फरक राहतोच. रात्री घरचे झोपलेले असताना खेळणाऱ्याला तो कळतो. माझ्या लेखी शांतता ही चैन नाही.

सोल्डरिंग_स्टेशन:
वापरलेलं घेताय ना, मग मेगाहर्ट्झ सोडा आणि आधी कनेक्टर बघा. ४०९० ला वीज देणारा सोळा पिनांचा १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर नीट आत गेला नाही की तापून वितळू शकतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासूनच तक्रारी सुरू झाल्या. पुढे त्याची सुधारित आवृत्ती १२व्ही-२x६ आली, त्यात सेन्स पिना (प्लग बसलाय का ते ओळखणाऱ्या) आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाने वीज घेऊच नये. वापरलेल्या कार्डावर बहुधा जुनाच असणार. टॉर्च मारून प्लास्टिक काळवंडलंय का, पिना समपातळीत आहेत का ते बघा.

दुसरं म्हणजे वजन. अडीच किलोचं कार्ड आधाराशिवाय आडवं लटकत राहिलं की मदरबोर्डवरच्या पीसीआयई स्लॉटच्या खाचेपाशी कार्डाच्या बोर्डाला तडा जाऊ शकतो. केसासारखी रेघ असते, कार्ड काही दिवस चालतं आणि मग डिस्प्ले जातो. ही दुरुस्ती बहुतेक वेळा होत नाही. एवढ्या एका मुद्द्यावर मी अवजड स्ट्रिक्सच्या विरोधात आहे. ज्याला ते घ्यायचंच आहे त्याने खालून टेकू लावल्याशिवाय पीसी सुरू करू नये.

व्होल्टमॉड:
टेकू स्ट्रिक्ससोबत येतो. टफसुद्धा काही पिसासारखं हलकं नाही.

फ्रेमवेडा_पुणे:
कनेक्टर आणि तडा दोन्ही बघतो. विक्रेत्याला फोर-केवर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगणार आहे. हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) कोरपेक्षा २५ अंशांहून वर गेला तर चिप आणि कूलरमधली पेस्ट सुकली आहे असं धरून भाव पाडून मागेन. 'ओसी'चे वेगळे पैसे मात्र देणार नाही.

वऱ्हाडी_गेमर:
तो अर्धा तास केसचं झाकण लावून चालवायला सांगा. उघड्या केसमध्ये कुठलंही कार्ड थंड दिसतं. आणि भाव सारखाच आला तर टफऐवजी स्ट्रिक्सच घ्या, माझं मत बदललेलं नाही.