मदत हवी आहे: आई-बाबांना युंगफ्राउयोखला न्यावं का?

मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला जातोय. बाबांना काहीही करून युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या उंच खिंडीतला बर्फ बघायचाय. १९१२ साली डोंगराच्या पोटातून तिथवर रेल्वे नेली, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगतात. पण ठिकाण ३,४५४ मीटरवर, आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारणारच आहोत. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी सांगा, वर विरळ हवेचा त्रास झाला का? ग्रिंडेलवाल्ड गावाहून आयगर एक्सप्रेस या केबल कारने झटकन चढणं बरं, की क्लायने शायडेकमार्गे रेल्वेने सावकाश? आईला इंटरलाकेनजवळची, १,३२२ मीटरवरची हार्डर कुल्म ही डोंगरावरची जागाच पुरेशी वाटतेय, तिथे निवांत बसून थालीपीठ खायचंय तिला. यावरून घरात रोज जुंपते! मला दोघंही खूश हवेत. एका दिवसात दोन्ही जमेल का?